सिकलसेलची तपासणी कुणाची, कोणत्या चाचणीने? निर्णयाआधी मांडायचा हिशेब

तालुक्याच्या बैठकीत सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या हिमोग्लोबिनच्या दोषाच्या तपासणीचा विषय निघाला की बोलणं लगेच किटवर येतं. सोल्युबिलिटी (जागेवर होणारी स्वस्त प्राथमिक चाचणी) पुरेशी आहे की थेट एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी प्रयोगशाळेतली यंत्र-चाचणी) करायची, कोणतं किट ‘९५ टक्के अचूक’ आहे, वगैरे. किटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो पहिला नाही. ज्यांची तपासणी होणार त्यांच्यात दोष किती जणांत आहे, आणि पॉझिटिव्ह आलेल्या माणसापर्यंत पुढची मदत खरोखर किती वेळा पोहोचते, हे दोन आकडे हातात नसतील तर किटवरचा वाद निष्फळ आहे.

खालचा हिशेब साध्या एक्सेलमध्ये किंवा वहीत होतो. दर, किमती आणि टक्केवारी पद्धत दाखवण्यासाठी धरलेल्या आहेत; त्यांच्या जागी आपल्या तालुक्याचे आकडे टाकायचे.

आधी प्रश्न नीट लिहा

‘सिकलसेल तपासणी करावी का’ या प्रश्नाला उत्तर नसतं. ‘देवलापार भागातल्या आश्रमशाळांतल्या मुलांची सोल्युबिलिटी करून पॉझिटिव्ह नमुने एचपीएलसीला पाठवावेत, की सगळ्यांचे थेट एचपीएलसीला पाठवावेत’ याला उत्तर असतं. कोण, कोणती चाचणी, पॉझिटिव्ह आल्यावर पुढे काय, आणि तुलना कशाशी, या चार गोष्टी एका वाक्यात बसल्या पाहिजेत. चौथी गोष्ट हमखास राहून जाते.

१०,००० माणसं कागदावर मांडा

टक्क्यांत विचार केला की चुका होतात, म्हणून सरळ १०,००० माणसं धरावीत. समजा एका गावसमूहात सिकलसेलच्या जनुकाचं प्रमाण (माणसांतलं नव्हे, जनुकाच्या एकूण प्रतींतलं) ५ टक्के आहे. मग वाहक, म्हणजे दोषाची एकच प्रत असलेले, एएस पॅटर्नचे, २ × ०.९५ × ०.०५ या हिशेबाने ९५० निघतील. ग्रस्त, म्हणजे दोन्ही प्रती दोषाच्या असलेले, एसएस, ०.०५ × ०.०५ ने २५. उरलेले ९,०२५ एए, म्हणजे दोष नसलेले. हा हिशेब लग्नं जनुकाचा विचार न होता जुळतात असं मानतो. आपल्याकडे लग्नं जातीत, अनेकदा नात्यात होतात, त्यामुळे जन्माला येणारी एसएस मुलं २५ पेक्षा जास्तच असू शकतात. उलट मोठ्या वयाच्या गटात ती कमी दिसतात, कारण काही जण लहानपणीच दगावलेले असतात.

हे ५ टक्के आणायचे कुठून? नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीतून नक्कीच नाही. तिथे येणारा माणूस आधीच दुखतंय म्हणून येतो. त्या रांगेतलं प्रमाण गावावर लावलं की सगळा हिशेब फुगतो. जिल्ह्याची सरासरीही फसवी, कारण तिच्यात रामटेक-पारशिवनीचे पाडे आणि शहरातल्या वसाहती एकत्र होतात. मागच्या वर्षांच्या एचपीएलसी नोंदी गावनिहाय काढा. त्या नसतील तर २०० ते ३०० जणांची छोटी पाहणी आधी करा. शिवाय विदर्भात हा दोष फक्त आदिवासींपुरता नाही. अनुसूचित जातींत आणि काही इतर मागासवर्गीय समाजांतही तो आहे. नुसत्या ‘आदिवासी’ शिक्क्यावर गावं निवडली तर ही माणसं यादीच्या बाहेर राहतात.

चार खाने

सोल्युबिलिटी चाचणी दोष असलेल्या १०० पैकी ९५ जणांत पॉझिटिव्ह येते आणि दोष नसलेल्या १०० पैकी ९८ जणांत निगेटिव्ह, असं धरू. दोष असलेले (एएस आणि एसएस मिळून) ९७५; त्यातले ९२६ सापडतील, ४९ निसटतील. दोष नसलेले ९,०२५. त्यातल्या १८१ जणांना उगाच पॉझिटिव्ह म्हटलं जाईल. एकूण पॉझिटिव्ह १,१०७ आणि त्यातले खरे ९२६, म्हणजे ८४ टक्के.

आता हेच किट अशा गटात न्या, जिथे जनुकाचं प्रमाण ०.५ टक्के आहे, समजा शहरातलं एखादं कॉलेज. १०,००० मध्ये दोष असलेले जेमतेम १००. सापडतील ९५, खोटे पॉझिटिव्ह १९८. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या तिघांपैकी दोघांना काहीच नाही. किट तेच, नर्सताईही त्याच, फक्त रांग बदलली. ‘९५ टक्के अचूक’ याचा अर्थ ‘पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ९५ टक्के खरे’ असा कुणी काढला तर त्याला हे दोन हिशेब शेजारी ठेवून दाखवावेत.

धरलेले ९५ आणि ९८ हे आकडे शिबिरात आपोआप मिळत नाहीत. चाचणीत साधारण २० मायक्रोलिटर रक्त २ मिलिलिटर द्रावणात टाकतात आणि नळीमागच्या काळ्या रेघा दिसतात का ते बघतात. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. द्रावणातलं सोडियम डायथायोनाइट हवेने आणि उष्णतेने लवकर खराब होतं. एप्रिल-मे मध्ये नागपुरात किट गाडीच्या डिकीत दुपारभर पडलं की खरे पॉझिटिव्हही निगेटिव्ह दिसू लागतात. फ्रिजमधून काढलेलं द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ न देता वापरलं तरी निकाल फसतो. रक्त खूप कमी असेल तर गढूळपणा पुरेसा येत नाही. रक्तात चरबी किंवा प्रथिनं जास्त असली तर नसताना येतो. नुकतंच रक्त चढवलेल्या माणसाचा निकाल धरू नये. सहा महिन्यांच्या आतल्या बाळावर ही चाचणी करूच नये: त्याच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, त्यामुळे एसएस बाळही निगेटिव्ह दिसतं. नवजात बाळांसाठी टाचेतून घेतलेले थेंब आणि एचपीएलसी हा मार्ग आहे. आणि सोल्युबिलिटी एएस आणि एसएस यांत फरक करत नाही. तिच्या एकट्या निकालावर कुणाला ‘तू ग्रस्त’ किंवा ‘तू वाहक’ असं सांगणं चूक आहे.

सरासरी खर्च सोडा, पुढच्या माणसाचा खर्च काढा

सोल्युबिलिटीला माणशी २५ रुपये आणि एचपीएलसीला २५० रुपये धरू. एचपीएलसी चुकत नाही असंही तात्पुरतं मानू.

पहिली योजना: सगळ्यांची सोल्युबिलिटी, पॉझिटिव्हची एचपीएलसी. खर्च २,५०,००० अधिक २,७६,७५०, म्हणजे ५,२६,७५० रुपये. सापडले ९२६. दर माणशी सुमारे ५६९ रुपये.

दुसरी योजना: सगळ्यांची थेट एचपीएलसी. खर्च २५,००,०००. सापडले ९७५. दर माणशी सुमारे २,५६४ रुपये.

सादरीकरणात हेच दोन आकडे येतात आणि कुणीतरी म्हणतं, ‘अडीच हजारात एक रुग्ण, काय वाईट आहे?’ इथेच थांबवावं. दुसऱ्या योजनेने ९७५ नवे माणूस मिळत नाहीत. पहिलीपेक्षा ४९ जास्त मिळतात, आणि त्यासाठी १९,७३,२५० रुपये जास्त जातात. भागाकार करा: प्रत्येक जास्तीच्या माणसामागे ४०,२७० रुपये. तो खर्च योग्य असूही शकतो, पण निर्णय घ्यायचा आहे तो या आकड्यावर.

गळती मोजा

पहिल्या योजनेत एक लबाडी आहे: पॉझिटिव्ह आलेले सगळे एचपीएलसीला येतात असं धरलंय. प्रत्यक्षात आज शिबिरात बोट टोचलं, निकाल पॉझिटिव्ह, आणि ‘पुढच्या आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात या’ असा निरोप. मजुरी बुडते, एसटी एकच असते, धान कापणी सुरू असते. समजा ६० टक्केच आले. मग सापडतात ९२६ नव्हे, ५५६. खर्च ४,१६,००० होतो, म्हणजे कमीच, त्यामुळे कागदावर योजना आणखी स्वस्तात झाल्यासारखी दिसते!

तिसरी योजना करून बघू. सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली की त्याच माणसाचं, त्याच खुर्चीवर, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत रक्त घ्यायचं आणि शीतपेटीतून प्रयोगशाळेला पाठवायचं. नळी, सुई, वाहतूक मिळून पॉझिटिव्ह माणशी ४० रुपये जास्त धरा. काही नमुने गोठतात, काहींवरचं नाव जुळत नाही, म्हणून ९५ टक्के तडीस जातात असं धरू. खर्च सुमारे ५,५७,००० आणि सापडतात ८८०. प्रत्यक्षातल्या पहिल्या योजनेपेक्षा ३२४ माणसं जास्त, १,४१,००० रुपये जास्त, म्हणजे जास्तीच्या प्रत्येक माणसामागे सुमारे ४३६ रुपये.

४०,२७० आणि ४३६. पैसा यंत्रात घालायचा की नळीत, याचं उत्तर इथे मिळतं. आमच्या मते बहुतेक तालुक्यांत उत्तर नळीच असेल, पण आपली गळती मोजल्याशिवाय आमचं म्हणणंही मान्य करू नका.

गरोदर मातांच्या तपासणीत साखळी आणखी लांब होते आणि गणित आणखी कडक. त्याच गावसमूहातली १०,००० जोडपी घ्या. दोघंही वाहक असण्याची शक्यता ०.०९५ × ०.०९५, म्हणजे साधारण ९० जोडपी. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भात एसएस असण्याची शक्यता ४ पैकी १. प्रत्येक गर्भात, हे जोडप्याला नीट सांगावं लागतं. पहिलं मूल एसएस झालं म्हणून ‘आता पुढची तीन ठीक होतील’ असं नसतं.

या ९० जोडप्यांपैकी किती जणांपर्यंत वेळेत माहिती पोहोचेल? आईचा दोष चाचणीत सापडला पाहिजे (०.९५), नवऱ्याने तपासणीला आलं पाहिजे (समजा ०.५), त्याचा दोष सापडला पाहिजे (०.९५), आणि हे सगळं गर्भजल किंवा गर्भवेष्टनाच्या तपासणीला वेळ उरेल इतक्या लवकर झालं पाहिजे (समजा ०.४). गुणाकार ०.१८, म्हणजे १६ जोडपी. आता किट सुधारून दोन्ही ठिकाणी ०.९५ चे ०.९९ केले तर १८ जोडपी होतात. किट तेच ठेवून नवऱ्यांची हजेरी ०.८ आणि लवकर नोंदणी ०.७ केली तर ४५. पहिल्या तिमाहीतच, शक्यतो बारा आठवड्यांच्या आत नोंदणी आणि नवऱ्याची चाचणी त्याच भेटीत करणं, हे आशाताईच्या हातातलं काम प्रयोगशाळेपेक्षा मोठं फळ देतं. एक खबरदारी: फायद्याच्या रकान्यात ‘टळलेले जन्म’ लिहू नका. ‘वेळेत माहिती मिळालेली जोडपी’ लिहा. पुढचा निर्णय त्यांचा आहे आणि तो कोणताही असला तरी तपासणी यशस्वीच धरायची.

अपेक्षित मूल्य

आता फायदा-तोटा एकाच मापात आणू. एसएस सापडल्याचं मोल समजा १,००,००० रुपये: हायड्रॉक्सियुरिया, लसीकरण, पेनिसिलिन, टळलेली भरती, वाचलेलं बालपण. वाहक सापडल्याचं मोल २,५०० रुपये, कारण त्याला औषध लागत नाही, लग्नाआधी आणि गरोदरपणी माहिती लागते. हे मोल कुणी आकाशातून देत नाही. वैद्यकीय अधिकारी, ग्रामपंचायत आणि रुग्णांचे पालक यांनी बसून ठरवायचं. पक्की तपासणी आणि समुपदेशनाचा खर्च त्यातून वजा करूनच लिहा. खोट्या पॉझिटिव्हचा तोटा ५०० रुपये धरू: एचपीएलसीचे २५०, बुडालेली मजुरी आणि मधल्या काळातली धास्ती. मुलीच्या बाबतीत गावात बोभाटा झाला तर हा तोटा कितीतरी मोठा असतो, तो लपवू नका.

५ टक्के जनुक असलेल्या गावात सापडलेल्या एका माणसाचं सरासरी मोल: (२५ × १,००,००० + ९५० × २,५००) भागिले ९७५, म्हणजे ५,०००. दर तपासणीचं अपेक्षित मूल्य असं येतं: दोष असण्याची शक्यता ०.०९७५, गुणिले ०.९५, गुणिले ५,०००, म्हणजे ४६३ रुपये. त्यातून खोट्या पॉझिटिव्हचे ९ आणि चाचणीचे २५ वजा. सुमारे ४२९ रुपये फायदा. इथे वाद संपला.

शहरातल्या त्या कॉलेजात मात्र गंमत होते. जनुक दहापट कमी झालं तर वाहक साधारण दहापट कमी होतात, पण एसएस शंभरपट, कारण एसएसचं प्रमाण म्हणजे जनुकाचं प्रमाण गुणिले तेच प्रमाण. १०,००० मध्ये एसएस पाव माणूस! म्हणून सापडलेल्या माणसाचं सरासरी मोलही घसरून सुमारे २,७४४ होतं. मग २६ रुपये फायदा, १० रुपये खोट्या पॉझिटिव्हचे, २५ चाचणीचे: माणशी ९ रुपये तोटा. तिथे सरसकट तपासणीऐवजी घरात कुणी एएस किंवा एसएस असलेल्यांना बोलावणं शहाणपणाचं.

तोल नेमका कुठे फिरतो हेही काढता येतं. खोट्या पॉझिटिव्हचा दर गुणिले तोटा, त्यात चाचणीचा खर्च मिळवा: ०.०२ × ५०० + २५ = ३५. त्याला (०.९५ × ५,००० + १०) ने भागा. उत्तर ०.७४ टक्के. सरासरी मोल ५,००० असलेल्या गटात १०,००० मागे ७४ पेक्षा कमी जणांत दोष असेल तर तपासणी तोट्यात.

हाच उंबरठा फेरतपासणीला लावा. पहिल्या फेरीत निगेटिव्ह आलेले ८,८९३. त्यात निसटलेले ४९, म्हणजे ०.५५ टक्के. उंबरठ्याच्या खाली. पुढच्या वर्षी त्याच शाळेत त्याच मुलांची पुन्हा सोल्युबिलिटी केली तर माणशी पुन्हा सुमारे ९ रुपये तोटा आणि १७७ नवे खोटे पॉझिटिव्ह. खरा तोटा यापेक्षा जास्त, कारण दुसरी चाचणी पहिलीपासून स्वतंत्र नसते. ज्या कारणाने मूल निसटलं ते कारण बहुधा अजून तिथेच आहे. पॅटर्न जन्मभर बदलत नाही. एकदा पक्का निकाल, एक कार्ड, पुढच्या वर्षी फक्त नवी मुलं. राष्ट्रीय सिकलसेल मोहीम १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झाली तेव्हा लक्ष्य ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं होतं. असं लक्ष्य खाली येता येता ‘किती चाचण्या झाल्या’ असं होतं, आणि चाचण्यांच्या आकड्यात फेरतपासणी फारच सोपी भर घालते.

दुसरीकडचा आकडा उचलताना

लहान एसएस मुलांना रोज पेनिसिलिन दिल्याने न्यूमोकॉकस या जिवाणूचा संसर्ग ८४ टक्के घटला, असं अमेरिकेतल्या १९८६ च्या चाचणीत दिसलं. तो आकडा विदर्भाच्या हिशेबात जसाच्या तसा टाकू नये. आपल्याकडचा सिकलसेल बहुधा अरब-भारतीय प्रकारचा, गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकणारा आणि सरासरीने सौम्य. मूळ धोका कमी असेल तर ८४ टक्के घटही कमी माणसं वाचवते. गुणाकार नेहमी इथल्या धोक्याशी करायचा. हायड्रॉक्सियुरिया या औषधासाठी जवळचा पुरावा आहे: नागपुरातल्या मुलांवर रोज किलोमागे १० मिलिग्रॅम अशा कमी, ठरावीक मात्रेचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीतही हेच. तिरुअनंतपुरमच्या मोठ्या चाचणीत (२००५) तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्के घटले. सगळ्या लोकसंख्येत मिळून दिसलेली २१ टक्के घट योगायोग म्हणून बाजूला काढता येईल इतकी डळमळीत होती. नागपुरात याचा अर्थ सरळ आहे: खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्याला आधी बोलवा. त्यातही अडचण अशी की सुपारीने तोंड आखडलेलं असतं, दोन बोटंही आत जात नाहीत, आणि मागची बाजू दिसतच नाही. अशा माणसाला ‘निगेटिव्ह’ न लिहिता ‘तपासता आलं नाही’ असा वेगळा रकाना ठेवा, नाहीतर सर्वांत जास्त धोक्याचा माणूसच सुरक्षित म्हणून नोंदला जातो.

आकडे हलवा, आणि निसटलेले तपासा

शेवटी एकेक आकडा कमी-मध्यम-जास्त करून बघा. जनुक ३, ५, ८ टक्के. येणारे ४०, ६०, ८० टक्के. खोट्या पॉझिटिव्हचा तोटा २००, ५००, ५,०००. ज्या आकड्याने निर्णय उलटतो तोच आधी नीट मोजायचा. बाकीच्यांवर वेळ घालवू नका.

किटचा खरा दर कळायला निगेटिव्ह नमुन्यांतलेही काही एचपीएलसीला पाठवावे लागतात. नुसते पॉझिटिव्ह पाठवले तर निसटलेले कधीच दिसत नाहीत. ८,८९३ पैकी ५ टक्के, म्हणजे ४४५ नमुने चिठ्ठ्या टाकून निवडा. खर्च १,११,२५०. किट सांगितल्यासारखं चालत असेल तर त्यात दोन-तीन निसटलेले सापडावेत. पाच-सहा आले तरी योगायोग असू शकतो. सात किंवा जास्त आले तर तसं नुसत्या योगायोगाने १०० पैकी साधारण एकदाच होतं. मग त्या लॉटचा नंबर, द्रावण बनवल्याची तारीख आणि त्या दिवशी पेटी कुठे ठेवली होती हे बघा, आणि त्या लॉटवर तपासलेल्या सगळ्यांना पुन्हा बोलवा.